मागावरची भागीदारी
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



'देशी कारखानदारीचे पुनरुज्जीवन आणि प्रादेशिक भागीदारी' असा भारदस्त विषय आज माझ्या वाट्याला आला आहे. मी काही अर्थशास्त्राची अभ्यासक नाही. बी. ए. झाले ती मराठी घेऊन, आणि चार लोक ओळखत असतील तर ते कवितेमुळे. पण माझे गाव इचलकरंजी. आमच्याकडे मूल बोलायला शिकते तेच मुळी मागांचा खडखडाट ऐकत. वडिलांचे चार माग होते, आई घरी कांड्या भरायची आणि मी स्वतः पोटापाण्यासाठी बरीच वर्षे एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिला. धोरणाच्या कागदावर जे लिहिलेले असते, ते मागापर्यंत पोचेपर्यंत त्याचे काय होते, एवढे मात्र मी पाहिले आहे. त्याच मर्यादेत बोलणार आहे.

आधी धोरण काय म्हणते ते पाहू. २०११ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय उत्पादन धोरण जाहीर केले. देशाच्या एकूण उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचा आणि १० कोटी नवे रोजगार निर्माण करायचे, असे त्यात म्हटले होते. २०१४ च्या सप्टेंबरात 'मेक इन इंडिया' आले. सरकार बदलले, पण २५ टक्क्यांचे उद्दिष्ट तेच राहिले. प्रत्यक्षातला वाटा मात्र या सगळ्या काळात १५ ते १७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. मग 'क्लस्टर', 'पार्क', 'सर्वसमावेशक भागीदारी' असे शब्द धोरणांत वाढत गेले. शब्द चांगले आहेत. मी शब्दांवर जगणारी बाई, त्यामुळे त्यांचा राग मला नाही. मात्र भागीदारी म्हटली की हिशेबाची वही उघडावी लागते. भांडवल कोणाचे, कष्ट कोणाचे, नफा कसा वाटायचा आणि नुकसान आले तर ते कोणाच्या खाती टाकायचे, हे चार रकाने भरल्याशिवाय भागीदारीचा कागद पुरा होत नाही.

आमचे गाव भागीदारीतूनच उभे राहिले. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांना पाठबळ दिले. त्या वेळी मुंबईत आणि सोलापुरात मोठमोठ्या गिरण्या होत्या. खेड्यासारख्या गावात एकटा-दुकटा यंत्रमाग चालवणे म्हणजे वेडेपणा वाटला असेल. पण राजाश्रय आणि उद्योजकाची जिद्द एकत्र आली आणि हातमागावर साड्या विणणाऱ्या गावाला एक वाट सापडली. ज्या जहागिरीने पंडित बाळकृष्णबुवांच्या गाण्याला आश्रय दिला, तिनेच मागाच्या खडखडाटालाही दिला, याची मला मोठी गंमत वाटते.

पुढे सहकार आला. सूत बाहेरून आणायचे तर भाव दुसऱ्याच्या हातात; म्हणून सहकारी सूतगिरण्या निघाल्या. कोरे कापड बाहेर धुवायला-रंगवायला पाठवायचे तर नफा बाहेर; म्हणून सहकारी प्रोसेसर्स निघाले. सहकारी औद्योगिक वसाहती झाल्या, सहकारी बँका झाल्या. १९८२ मध्ये दत्ताजीराव कदमांच्या नावाने वस्त्रोद्योगाचे तांत्रिक शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. हे सगळे निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. सहकारात राजकारण शिरले, संस्था बुडाल्या, काही गिरण्यांना कुलपे लागली. पण गावातल्या माणसाने गावातल्या संस्थेत भाग घेतला, सभेत उठून प्रश्न विचारला आणि कधी कधी उत्तरही मिळवले, हा अनुभव आमच्या पिढीने घेतला आहे.

आणि या गावात कोण नाही? कोष्टी, साळी, लिंगायत, जैन, मराठा, दलित, आम्ही मुसलमान, मारवाडी व्यापारी. बेळगाव-विजापूरकडून आलेले कानडी कामगार, सोलापूर-मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेली कुटुंबे आणि आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली तरणी पोरे. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे आणि कापड नेसणारी चौथीच. सर्वसमावेशक हा शब्द आमच्याकडे यायच्या आधीच ती गोष्ट तिथे होती. मात्र ती समानतेची नव्हती, एवढे ध्यानात ठेवायला हवे.

ती का नव्हती, हे समजण्यासाठी 'खर्ची' म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे माग असलेला प्रत्येक जण कापडाचा मालक नसतो. व्यापारी सूत देतो, सायझिंग केलेली बीमे देतो. मागवाला ते विणून कोरे कापड परत करतो आणि त्याची मजुरी घेतो. याला खर्चीवर काम करणे म्हणतात. माझे वडील खर्चीवाले होते. मजुरी ठरते पिकावर. एका इंचात आडवे धागे किती बसले, ते पीक. समजा, पिकाला ६ पैसे दर आहे आणि कापड ५२ पिकाचे आहे. म्हणजे मीटरला ३ रुपये १२ पैसे. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे धागे टाकतो. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे धरून दोन पाळ्यांत एका मागावर पाऊणशे मीटर कापड निघाले, तर मागामागे २३४ रुपये झाले. चार मागांचे ९३६. यातून दोन पाळ्यांच्या कामगारांची मजुरी, विजेचे बिल, कांडीवाल्याचे पैसे, जॉबर, तेल, सुटे भाग, शेडचे भाडे. उरेल ते मालकाचे. त्याला आम्ही मालक म्हणतो, पण महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात कामगारापेक्षा फार जास्त पडत नाही. पेढीवर बसून मी असे शेकडो हिशेब लिहिले आहेत. बाजार पडला की व्यापारी पिकामागे अर्धा पैसा कमी करतो. ऐकायला अर्धा पैसा. पण या चार मागांवर तो दिवसाला ७८ रुपयांनी कमी होतो. तेवढ्यात एका घराची भाजी-भाकरी असते.

आता सरकारी योजनांकडे येते. योजना आल्या नाहीत असे म्हणणे खोटे होईल. १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू झाली. नवी यंत्रे घेण्यासाठी काढलेल्या कर्जावरच्या व्याजातले ५ टक्के सरकार भरणार, अशी तिची मुख्य तरतूद होती. पुढे २००५ उजाडले. त्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून जगातल्या कापड व्यापारावरची कोट्याची पद्धत संपली. स्पर्धा खुली झाली. त्याच वर्षी एकात्मिक वस्त्रोद्योग पार्कांची योजना आली. उद्योजकांनी एकत्र येऊन कंपनी किंवा संस्था काढायची, सरकार प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ४० कोटी रुपये अनुदान देणार. भागीदारीचे हे रूप आमच्या गावाला ओळखीचे होते. म्हणून इचलकरंजीच्या परिसरात सहकारी तत्त्वावरची पार्क उभी राहिली आणि नवे, बिनधोट्याचे माग तिथे आले. साधा माग मिनिटाला दीडशे धागे टाकतो, तर एअरजेट सहाशे-आठशे टाकतो. कापडाची प्रत चांगली, परदेशी ग्राहकाच्या पसंतीला उतरणारी.

हे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्या पार्कात कोण गेले? ज्याच्याकडे स्वतःचे भांडवल होते, तारणाला जमीन होती, बँकेत पत होती, तो गेला. माझ्या वडिलांसारखे चार मागांचे खर्चीवाले रस्त्याच्या अलीकडेच राहिले. त्यांच्या दारात एकच बदल झाला. जे कापड ते विणत होते, तेच पलीकडे अधिक वेगाने आणि अधिक चांगले विणले जाऊ लागले.

लहानांसाठी काहीच केले नाही, असेही नाही. २०१३ च्या सुमारास साध्या मागांत जागच्या जागी सुधारणा करण्याची योजना आली. धागा तुटला की माग आपोआप थांबावा, ताणा सारखा सैल-घट्ट होऊ नये, ब्रेक चांगला लागावा, अशा जोडण्या जुन्याच मागाला बसवायच्या. आठ मागांपर्यंतच्या छोट्या कारखानदारांसाठी ती होती आणि सर्वसाधारण गटाला साधारण निम्मा खर्च सरकार देत असे. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीत 'पॉवरटेक्स इंडिया' या नावाने अशा अनेक योजना एकत्र करून जाहीर झाल्या. सूतबँकेची कल्पनाही तीत होती. लहान मागवाल्यांनी मिळून घाऊक भावात सूत घ्यायचे, म्हणजे मधल्या दलालाचा पैसा वाचतो. मला विचाराल, तर मोठ्या पार्कापेक्षा ही कल्पना मला जास्त मोलाची वाटते. तिच्यात मागवाल्याला खर्चीतून सोडवण्याची ताकद आहे. स्वतःचे सूत, स्वतःचे कापड म्हटले की माणूस भाव विचारायला शिकतो. दुर्दैवाने ही योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. ती आली तो काळही वाईट होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली होती आणि आठवड्याचा पगार रोखीने देणाऱ्या गावाची घडी विस्कटली होती. जुलै २०१७ पासून जीएसटी आला. मानवनिर्मित सुतावर कर जास्त आणि कापडावर कमी, अशी उलटी रचना. वर जास्तीचा भरलेला कर परत मिळण्याची सोय नव्हती. ती ऑगस्ट २०१८ पासून झाली. मानवनिर्मित धाग्यावरचा कर कापडाइतका, म्हणजे ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. मधल्या आठ वर्षांत ज्यांचे माग भंगारात गेले, त्यांना हा दिलासा पोचायचा राहिलाच.

माग भंगारात जातो म्हणजे काय होते, ते सांगते. गाडी येते, माग खोलतात, काट्यावर ठेवतात आणि किलोवर भाव होतो. आमचे चार माग असेच गेले. वडील तेव्हा नव्हते. भाऊ दोन वर्षे नव्या मागासाठी कर्जाच्या खटपटीत होता. एका बँकेत त्याला आधी व्यवसाय विचारला, मग मोहल्ला विचारला आणि मोहल्ला ऐकल्यावर फाईल पुढे सरकेनाशी झाली. कोणी नाही म्हणाले नाही. नुसते 'पुढच्या आठवड्यात या' म्हणत राहिले. सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला. काही बँका विशिष्ट वस्त्यांना कर्जासाठी 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात, ही गोष्ट त्यात नोंदलेली आहे. विणकामासारख्या स्वयंरोजगारात मुसलमानांचे प्रमाण मोठे आहे, हेही त्यात आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, तर मालेगाव, भिवंडी आणि आमच्याकडचे काही मोहल्ले यांची कहाणी वेगळी सांगावी लागत नाही. यात मी केवळ माझ्या समाजाचे रडगाणे गात नाही. शेजारच्या कोष्टी गल्लीत तारणाला घराचा उतारा नाही म्हणून कर्ज अडते, आमच्याकडे पत्त्यामुळे अडते. शेवटी काट्यावर माग दोघांचेही चढतात. ज्या धोरणाला लहान कारखानदार जगवायचा आहे, त्याने अनुदानाच्या आकड्यापूर्वी बँकेच्या खिडकीकडे पाहिले पाहिजे.

अलीकडच्या धोरणांत हा दरवाजा आणखी उंच झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये वस्त्रोद्योगासाठी १०,६८३ कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर झाली. मानवनिर्मित धाग्याचे कापड, त्याचे तयार कपडे आणि तांत्रिक वस्त्रे यांच्यासाठी ती आहे. तिच्यात भाग घ्यायला एका गटात किमान ३०० कोटी आणि दुसऱ्यात किमान १०० कोटींची गुंतवणूक हवी होती. २०२५ मध्ये ही मर्यादा निम्म्यावर आणली, म्हणजे १५० आणि ५० कोटी. निम्मी केली हे चांगलेच. पण चार मागवाल्याला १०० कोटी आणि ५० कोटी यांतला फरक काय? चंद्र अर्ध्या अंतरावर आणला, तरी शिडी लावून तिथे जाता येत नाही. देशातल्या कापडापैकी निम्म्याहून अधिक कापड विकेंद्रित यंत्रमागांवर निघते, असे सरकारच सांगते. मग कारखानदारी वाढवण्याच्या सर्वांत मोठ्या योजनेत त्या मागांना शिरायला जागा हवी होती.

आणि 'पीएम मित्र' पार्क. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४,४४५ कोटींची ही योजना मंजूर झाली आणि मार्च २०२३ मध्ये देशातली सात ठिकाणे जाहीर झाली. त्यांतले एक आपल्या अमरावतीला. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची कोनशिला बसली. एक हजार एकर जागा. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत, तिथेच कापड, तिथेच कपडा, अशी ही कल्पना आहे. विदर्भाचा कापूस शेकडो मैल दूर दक्षिणेतल्या गिरण्यांत जातो आणि शेतकऱ्याच्या हाती बोंडाचाच भाव राहतो, ही आपली जुनी सल आहे. महाराष्ट्राच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यातल्या कापसावर राज्यातच प्रक्रिया होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायचे ठरवले आहे. त्यासाठी राज्याचे चार विभाग पाडून कापूस पिकवणाऱ्या भागांना जास्त सवलत दिली आहे. हे धोरण मला योग्य दिशेचे वाटते. आमच्या गावात काहींना वाटते, विदर्भाला जास्त दिले म्हणजे आमचे काढून घेतले. मला तसे वाटत नाही. यवतमाळच्या शेतकरणीला चार पैसे मिळाले तर तीच आम्ही विणलेले कापड विकत घेणार आहे.

परंतु अशा पार्काच्या कंपनीत राज्याचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राचा ४९ टक्के असतो. बेरीज बरोबर १०० होते. त्या शंभरात कापूस पिकवणारा कुठे आहे, माग चालवणारा कुठे आहे? निदान सल्ल्यापुरती एखादी खुर्ची तरी त्याला असावी. कारण त्यांचे हितसंबंध सहजासहजी जुळणारे नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकले. गिरणीवाल्यांना बरे वाटले, शेतकरी संतापला. दोघेही आपापल्या जागी खरे होते. स्वस्त सूत आणि महाग कापूस एकाच वेळी कसा द्यायचा, हा प्रश्न दिल्लीत एका अधिसूचनेने सुटत नाही. त्यासाठी दोघांनी एका टेबलावर बसावे लागते. प्रादेशिक भागीदारीचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे.

त्या टेबलावर आणखी दोन खुर्च्या हव्यात, असे मला सांगायचे आहे.

पहिली नदीची. कापड धुवायला, रंगवायला पाणी लागते आणि ते पाणी शेवटी नदीत जाते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची भयंकर साथ आली, अनेकांचे जीव गेले. पंचगंगेच्या प्रदूषणात कापड प्रक्रियेचा वाटा किती, शहरी मैल्याचा किती आणि साखर कारखान्यांचा किती, यावर आमच्याकडे अजून भांडण चालू आहे. पण खाली शिरोळ तालुक्यातल्या बाईला घागर भरताना या टक्केवारीचा उपयोग नाही. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने हा धडा महागात घेतला. नोय्यल नदीच्या प्रदूषणामुळे २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगाई कारखान्यांना टाळे लावायचा आदेश दिला. गाव हादरले. मग सरकारने मदत केली, कारखानदारांनी मिळून सामुदायिक प्रकल्प उभे केले आणि रंगाईचे पाणी नदीत न सोडता शुद्ध करून पुन्हा वापरायची पद्धत बसवली. त्यानंतरही तिरुप्पूर देशातले निटवेअरचे मोठे केंद्र राहिले. एकट्या लहान प्रोसेसरला असा प्रकल्प झेपत नाही. भागीदारी खरोखर लागते ती इथे. खालच्या गावांना भागीदार मानले तरच वरचा धंदा टिकेल.

दुसरी खुर्ची बाईची. माझी आई तीस वर्षे कांड्या भरत होती. धोट्यात जी कांडी बसते, तिच्यावर सूत भरण्याचे हे काम. आमच्या गावात हजारो घरांत बायका हे करत आल्या. वहिफणीचे काम, कापडाच्या घड्या, धागे कापणे, हेही बऱ्याचदा बायकांकडे. अम्मा पहाटेच्या नमाजानंतर कांडीयंत्र सुरू करायची ते स्वयंपाकापर्यंत आणि पुन्हा दुपारपासून रात्रीपर्यंत. तिच्या हातच्या कांड्यांनी किती कापड विणले गेले, ते मी मोजू शकत नाही. पण तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. मजुरी वडिलांच्या हिशेबातून वजा नव्हती आणि तिच्या नावे जमाही नव्हती. पेढीवरच्या माझ्या वहीत 'कांडी' असा खर्चाचा रकाना होता. घरच्या बाईने भरलेल्या कांडीसाठी तो रिकामा सोडायचा, असा रिवाज होता. सरकारचा उद्योग-आकडा शेवटी अशाच वह्यांतून तयार होतो. जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली आणि २०२३ पासून अगदी लहान, कागदपत्रे नसलेल्या उद्योगांनाही नोंदण्याची सोय झाली. ही सोय घेऊन वस्तीत जाणारे कोणी असेल, तर घरी कांड्या भरणारी बाईसुद्धा उद्योजक म्हणून नोंदता येईल. नाव आले की विमा आला, कर्ज आले, निदान मागायचा हक्क आला.

आता कोणी विचारील, बाई, तुम्ही दोष दाखवले, उपाय काय? मी मोठे उपाय सांगणार नाही. साधे तीन सांगते.

एक, अनुदानाची भाषा कोटींतून लाखांत आणावी. दहा-बारा खर्चीवाल्यांनी मिळून एक शेड घेतली आणि चार बिनधोट्याचे माग लावले, तर तेही क्लस्टर समजावे. सामुदायिक सुविधा केंद्राची केंद्राची योजना आहेच. तिचा प्रस्ताव करून देणारा माणूस जिल्हा उद्योग केंद्रातून वस्तीत यावा. आज सल्लागाराची फी देऊ शकणाऱ्यालाच प्रस्ताव जमतो.

दोन, पैसे वेळेवर मिळावेत. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असतात. १ एप्रिल २०२४ पासून त्याला आयकराचा काटा जोडला. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च धरता येत नाही. नियम चांगला आहे. पण मग नोंदणी असलेल्याला टाळून नोंदणी नसलेल्याकडे काम न्यायचे, अशी पळवाट काही व्यापारी शोधतात. एकेकट्याने नोंदणी केली तर तो एकटा पडतो. गावातल्या सगळ्या खर्चीवाल्यांनी मिळून केली तर व्यापारी जाणार कुठे? हे काम सरकारचे नाही, आमच्या संघटनांचे आहे.

तीन, सरकारने स्वतः चांगले गिऱ्हाईक व्हावे. अंत्योदय शिधापत्रिकेवरच्या कुटुंबाला दरवर्षी एक साडी द्यायची आणि ती राज्यातल्या यंत्रमागांवर विणून घ्यायची, असा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला. कल्पना सुंदर आहे. शाळेचे गणवेश, इस्पितळाच्या चादरी, पोलिसांचे कापड यांचीही मागणी अशीच वर्षभर आधी ठरवून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहान मागांवर वाटून दिली, तर कोणत्याही अनुदानापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. अट एकच. कापड नेसणाऱ्या बाईला लाज वाटू नये असे असावे. गरिबाला द्यायचे म्हणून विरळ विणले, तर विणणाऱ्याचाही अपमान आणि नेसणारीचाही.

श्रोतेहो, कबीर विणकर होता हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या मागाचा ताणा कोणी दिला, बाण्याच्या कांड्या कोणी भरल्या आणि कापडाला काय भाव मिळाला, हे कोणी लिहून ठेवले नाही. आपल्याला ते लिहून ठेवता येईल. पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्यात क्लस्टरची सभा झाली, तर तिथे जा. ती सर्वांसाठी असते असे म्हणतात, तेव्हा तुम्हाला कोणी अडवणार नाही. तिथे चार मागांचा खर्चीवाला, पाळीचा कामगार, खालच्या गावचा एखादा सरपंच आणि कांड्या भरणारी एखादी बाई बसली आहे का, एवढे पाहा. नसेल तर उठून तसे विचारा आणि विचारलेले सभेच्या वृत्तांतात नोंदवून घ्या. हिशेब लिहिणारीचा हा सल्ला आहे. जे वहीत चढत नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत.